सात वाजताच्या हाका

६ एप्रिल

लवंगे,

पाकीट बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. कोणाचं काही झालं म्हणून लिहीत नाहीये. फोनवर तू म्हणतेस "बरी आहे", मी म्हणते "बरं", आणि मग दोघी एकमेकींच्या खोलीतला पंखा ऐकत बसतो. कागदावर एवढ्यावर भागत नाही. उरलेली जागा डोळ्यांत खुपते, म्हणून माणूस काहीतरी खरं लिहितो. निदान मी तरी लिहिते.

इकडे टाळेबंदीत दाताचे दवाखाने बंद आहेत. मी बनवलेल्या कवळ्या पॉलिश होऊन फळीवर रांगेत बसल्यात आणि त्यांचे मालक आपापल्या घरात बोळक्या तोंडाने भात कालवून खातायत. सकाळी खोलीत शिरलं की इतकी माणसं एकदम हसतात माझ्याकडे बघून, की उगाचच बरं वाटतं. काम मात्र भरपूर आहे हो. काळजी करू नकोस.

तुझ्या बापाने काल मला तुमच्या विद्यापीठाचं परिपत्रक फोनवर वाचून दाखवलं. विद्यार्थ्यांनी आपापल्या खोलीत रोज व्यायाम करावा, त्याने मन प्रसन्न राहतं, खाली कुलसचिवांची सही. कुलसचिवांचं पोट मी तुमच्या पदवीदानाच्या फोटोत पाहिलंय. तुझा बाप मात्र मोठ्या विश्वासाने म्हणाला, "आपल्या पोरीला सांगावं लागत नाही, ती तर बोटीवरची आहे."

मला आमची बोट आठवली. तुझ्याएवढी असताना मी तीन नंबरवर वल्हवायचे, हे तुला शंभरदा सांगून झालंय, आता एकशे एकाव्यांदा ऐक. आमची सुकाणूवाली, तुझ्यासारखीच हाका देणारी आणि तुझ्यासारखीच चिमूटभर, पण बोटीत बसायची तेवढीच काय ती बसायची. एरवी काठावरून आमच्या पुढे पळायची आणि मागे वळून शिव्या द्यायची. तूही तुझ्या पोरींना अशीच पळवत असणार. आता बंद खोलीतून त्यांना कशी पळवतेस, ते सविस्तर लिही.

तुझी,
आत्या


१७ एप्रिल

आत्या,

नमस्कार, पायांवर डोकं, सगळं पोचलं असं समज.

पाकीट रेक्टरबाईंनी दाराबाहेर स्टुलावर ठेवलं, दार वाजवलं आणि जिन्यापर्यंत पळून गेल्या. डबासुद्धा असाच येतो. अख्ख्या मजल्यावर आम्ही तिघीचौघी उरलोय. बाकीच्या सीमा बंद व्हायच्या आत घरी गेल्या. मी थांबले, कारण स्पर्धा पंधरा दिवस पुढे ढकललीय असं सर म्हणाले होते. ती पुढे पुढे इतकी गेली, की आता दिसतही नाही.

पण आम्ही सोडलेलं नाही. रोज सकाळी सात वाजता पाचही जणी फोनवर एकत्र येतो. कॅमेरा नाही, फक्त आवाज. दिवसभर लेक्चरला तोंडं बघून वीट येतो. रसायनाचं प्रॅक्टिकल आता सर एकटेच करतात, आम्ही चौकटीतून बघायचं. तर सात वाजता मी हाका द्यायच्या, ओढ, सोड, ओढ, सोड, आणि त्यांनी आपापल्या घरी वल्हवायचं. लांबडीला आणि कपाटला क्लबची वल्हवायची दोन मशिनं मिळालीत. (कपाट म्हणजे आमची सगळ्यात ताकदवान पोरगी. खांदे तसे आहेत, शिवाय दारात उभी राहिली की उजेड येत नाही.) काकू रबरी पट्टे खिडकीच्या गजाला बांधून ओढते. ती आमच्यापेक्षा वर्षानेच मोठी आहे, पण सगळ्यांना जेवलीस का विचारते म्हणून काकू. आणि नवी बादलीत वाळू भरून उचलते. घाम निघतो अगदी.

खरं सांगू, त्या आधीच्या सकाळी फार आठवतात. बोट खांद्यावर घेऊन धक्क्यावरून उतरताना कपाट रोज म्हणायची, आज पाणी गार असणार, आणि ते रोजच गार असायचं. मग पहिल्या चार-पाच ओढींनंतर बोट एकदम हलकी व्हायची. तो क्षण फोनवर येत नाही. तरी आम्ही करतो.

बाबांना सांग, मी मजेत आहे.

तुझी,
लवंगी


२९ एप्रिल

लवंगे,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि तुझ्या बापाला तिसऱ्यांदा वाचून दाखवलं. त्याची छाती इतकी फुगली की मला फोनवरून कळलं.

आता माझा अर्ज. मलाही त्या सात वाजताच्या फोनवर घे. हसू नकोस. साच्यात प्लास्टर ओतायला बसते ते बुटकं स्टूल आहे माझ्याकडे, आणि पोछ्याचा दांडा आहे. काल करून पाहिलं. पाठ कुठे असते ते बऱ्याच वर्षांनी कळलं. पण एकटीला लय सापडत नाही. हाक द्यायला कोणीतरी लागतं.

तू लिहिलंस ना बोट हलकी होते म्हणून, ते वाचून मी हातातलं मेण तसंच ठेवून बसून राहिले. आमची बोट लाकडी होती, जड, आणि जरा कुठे गळायची. जी ती आळीपाळीने डबडं घेऊन पाणी उपसायची. तळहाताला फोड यायचे आणि वर्गात पेन धरवायचं नाही, तर इतिहासाच्या बाईंना वाटायचं मी मुद्दाम लिहीत नाही. पण त्या जड बोटीलाही तसाच एक क्षण यायचा. आठ वल्ही एकदम पडली की खालून कोणीतरी उचलल्यासारखं व्हायचं. मी त्यानंतर लग्न केलं, नोकरी केली, तुझे आतोबा गेले, पुन्हा नोकरी केली. सुख पुष्कळ मिळालं, नाही म्हणत नाही. पण आठ जणांचं मिळून एकच सुख, ते पुन्हा नाही मिळालं.

नंबर कळव. मी तोंडातून ब्र काढणार नाही.

आत्या


९ मे

आत्या,

नंबर मागे लिहिलाय. आत आलीस की फोनवरचं माइकचं चिन्ह दाबून आवाज बंद ठेव, नाहीतर तुझं स्टूल करकरलं की नवी विचारेल कोण आहे. मी त्यांना सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर काकूने तुला रोज गुडघ्याचं तेल सुचवलं असतं.

बाकी ठीक. लेक्चर चालू आहेत. डोकं जरा जड असतं, उकाडा आहे.

लवंगी


२४ मे

लवंगे,

आता रोज येते बरं का मी, तुला ठाऊक असेलच. पहिल्या दिवशी तुझी पहिली हाक ऐकली आणि दांडा हातात तसाच राहिला. एवढ्याशा देहातून एवढा आवाज! तुझा बाप लहानपणी असाच ओरडायचा, पण त्यात लय नव्हती, नुसता हट्ट होता. लांबडीच्या मशीनचा सू सू आवाज येतो, कपाटच्या मशीनचा खरखर येतो, आणि त्यात माझा पोछा. दुसऱ्या आठवड्यापासून मला आपोआप सहा वाजता जाग यायला लागलीय. केसांना तेल लावून बसते. कोणी बघत नाही, तरी.

आता एक विचारू? राग मानू नकोस.

कवळी तोंडात बसवून पाहायची असली की मी माणसाला खुर्चीत ताठ बसवते आणि सहासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट म्हणायला लावते. "स" नीट उमटला तर दात जागेवर आहेत. पण माणूस ताठच हवा. आडवा असला की जीभ मागे पडते आणि "स" जरा घसरतो, मग दात कितीही चांगले असोत. तीस वर्षं मी हेच ऐकत आलेय. आणि तू दर ओढीला "सोड" म्हणतेस. मी रोज तो "स" ऐकते. बाई, तू आडवी असतेस.

बरं नाहीये का? पाठ दुखते? ताप तर नाही ना? तुझ्या बापाला मी काही बोललेले नाही.

आत्या


२ जून

आत्या,

तुझे कान आहेत की काय! रेक्टरबाईंनी तुला चौकशीला ठेवायला हवं.

हो, आडवी असते. पण आमच्या बोटीत सुकाणूवाली झोपलेलीच असते गं. तुमच्यात ती मागे बसायची, पोरींकडे तोंड करून. आमची बोट वेगळी. मी पुढे, बोटीच्या नाकात शिरून उताणी पडते, पाय टोकाकडे, फक्त डोकं बाहेर. पोरींच्या पाठी माझ्याकडे आणि माझं तोंड पाण्याकडे. मला त्या दिसत नाहीत, त्यांना मी दिसत नाही. बोट कशी हलते त्यावरून कोण कुठे चुकतंय ते पाठीला कळतं. आणि आपण हाताचं बोटसुद्धा हलवायचं नाही. मी हलले तर बोट हलते. सर सगळ्यांना सांगतात, हिच्यासारखी निश्चल सुकाणूवाली मी पाहिलेली नाही.

म्हणून फोनवरही झोपूनच हाका देते. सवय राहते. ताप नाही, पाठ ठणठणीत आहे. तू उगाच काळजी करतेस.

लवंगी


११ जून

लवंगे,

घे, म्हातारीची फजिती झाली. तुझं पत्र वाचून मी फळीवरच्या सगळ्या कवळ्यांसमोर लाजले. सुकाणूवाली झोपते! आमच्या वेळी कोणी झोपली असती तर आम्ही तिला पाण्यात टाकली असती. काळ बदलला आणि मी बसले "स" मोजत. तुझ्या बापाला हे सांगू नकोस, तो मला आयुष्यभर चिडवेल.

पण मजा वाटली. आता रोज सात वाजता मी डोळ्यांपुढे आणते, की तू त्या टोकात शिरून पडलीयस, तोंडावर तुषार उडतायत, आणि मागून चौघी आणि त्यांच्याही मागे मी. मी किती नंबर गं? पाच? आमच्या तीन नंबरला सर "बोटीचं इंजिन" म्हणायचे. खरंतर ते सगळ्यांनाच काही ना काही म्हणायचे, म्हणजे कोणी रुसू नये.

आमची सुकाणूवाली किनाऱ्याला लागल्यावर सगळ्यात आधी उडी मारायची. बसून बसून पाय आखडायचे तिचे. मग धक्क्यावर माकडासारखी नाचायची आणि आम्ही दमून पडलेल्या तिला बघून हसायचो. तुझे तर झोपून झोपून किती आखडत असतील. फोन ठेवल्यावर पहिलं काय करतेस? नाचतेस की पळतेस?

आत्या


६ जुलै

लवंगे,

माझ्या पत्राला उत्तर नाही. म्हटलं टपाल रखडलं असेल.

पण गेला आठवडाभर सात वाजता तुझा आवाज नाही. पहिल्या दिवशी वाटलं तुझं नेट गेलं. पोरी आल्या, कोणीतरी खाकरलं, काकू म्हणाली, येईल. लांबडीने "मीच मोजू का" म्हणून विचारलं आणि कपाट एकदम म्हणाली, नको. थोड्या वेळाने एकेकीने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. तिसऱ्या दिवशीही आल्या. तू त्यांना "परीक्षेची तयारी" एवढंच कळवलंस असं त्यांच्या बोलण्यात आलं. मी गप्प बसायचं कबूल केलं होतं म्हणून गप्प बसले, पण दांडा मांडीवर घेऊन बसून होते रोज.

तुझ्या घरी फोन केला तर तुझी आई म्हणते, कालच बोलली, मजेत आहे.

मी तुझी आत्या आहे, तेव्हा आडून विचारत नाही. तुला काय होतंय? जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का? येत असेल तर पत्र लिहीत बसू नकोस, हे वाचून होताच मला फोन कर. काहीही बोलू नकोस, नुसता कर, मी समजेन. येत नसेल, तरीही उत्तर दे. दोन ओळी दे. ओळ नसेल तर कोरा कागद पाठव.

आत्या


१० जुलै

आत्या,

काल मी फोन केला आणि तू खरंच काही विचारलं नाहीस, तुझ्या रेडिओवरच्या बातम्या मला ऐकू देत राहिलीस. आज लिहिता येतंय, म्हणून लिहिते.

तू विचारलंस ते मनात येत नाही. जे येतं ते असं, की सकाळी उठून काय करायचं याचं उत्तर नसतं. मरावंसं वाटत नाही, पण उठावंसंही वाटत नाही. बोटीत झोपते ते खरं आहे. पण मी फोनवर सवय राहावी म्हणून झोपत नव्हते. मी मार्चपासून पलंगावरच आहे. फोन छातीवर ठेवायचा, छताकडे बघायचं आणि ओढ, सोड म्हणायचं. तो एकच तास मी माणूस असायचे. फोन ठेवला की पुन्हा कूस बदलायची. तू विचारलंस नाचतेस की पळतेस, ते वाचलं आणि मला रडू आवरेना. मी डबा घ्यायला दारापर्यंत जाते, तेवढंच माझं पळणं. केस किती दिवसांत धुतलेले नाहीत ते मी तुला सांगणार नाही.

आणि सगळे मला म्हणतात, तू बोटीवरची, तुला काय व्हायचंय. मानसशास्त्र विभागाकडून फोन आला होता, विद्यार्थ्यांची पाहणी करत होते. व्यायाम करता का? मी म्हटलं, आमचा संघ रोज एक तास करतो. मन कसं असतं? उत्तम. त्या बाई म्हणाल्या, बघा, व्यायामाचा किती फायदा होतो. मला वाटतं त्यांच्या आलेखात मी एकदम वर कुठेतरी बसलेय.

गेल्या महिन्यात एक दिवस हाक द्यायला तोंड उघडलं आणि आवाज आला, पण तो माझा नव्हता, कुठूनतरी येत होता. मला भीती वाटली. दुसऱ्या दिवशी फोन लावलाच नाही. त्या चौघी घाम गाळतायत आणि मी पांघरुणात. हे त्यांना कळलं तर? सुकाणूवाली घाबरली असं बोटीत कधी दाखवायचं नसतं, आत्या. ते सगळ्यात पहिलं शिकवतात. पाण्यात ती घाबरली की बोट गेली.

मी विद्यापीठ सोडायचा अर्ज लिहून ठेवलाय. बाबांना काय सांगायचं ते सुचत नाही म्हणून पाठवलेला नाही.

लवंगी


१५ जुलै

माझ्या बाळा,

तुझं पत्र उशाशी घेऊन झोपले. आता सकाळ आहे आणि डोकं ठिकाणावर आहे, म्हणून लिहिते.

आधी माझं ऐक. मी तुला लिहिलं होतं की काम भरपूर आहे. काडीचं काम नाही. मार्चपासून एकही साचा आलेला नाही. मी जुन्याच कवळ्या पुन्हा पुन्हा पॉलिश करते, इतक्या की त्या आता लोकांच्या तोंडात सैल बसतील. तुझ्या फोनवर मी व्यायामासाठी आले नव्हते. सकाळी घरात कोणाचा तरी आवाज यावा म्हणून आले होते. तुझे आतोबा गेल्यापासून सकाळ ही मला सगळ्यात नकोशी वेळ. तू "ओढ" म्हणायचीस आणि मला कोणीतरी काहीतरी करायला सांगतंय याचंच सुख व्हायचं. तू पलंगावरून म्हणत होतीस की सिंहासनावरून, मला काय फरक पडणार होता? त्या आवाजाने माझा दिवस ढकलला. पण तुझा दिवस कोण ढकलणार, हे माझ्या डोक्यात आलं नाही, कारण मी ऐकण्यात खूश होते.

आता तुझं. विद्यापीठात समुपदेशक बाई असतात, त्यांना फोन कर. मला केलास तसाच. पोट दुखलं तर दाखवतेस ना, तसंच हे. अर्जाची घाई नाही, कागद नासत नाही. बापाला मी सांगणार नाही, ते तू सांगायचंस. तो आधी काहीतरी मूर्खासारखं बोलेल, मग नीट बोलेल. त्याचा पहिला डाव नेहमीच सोडून द्यावा लागतो, मी त्याला जन्मापासून ओळखते.

आणि पोरींना सांग. मी सांगू शकते, रोज त्यांच्यातच बसलेली असते. पण सांगणार नाही. तुम्हाला शिकवलंय की सुकाणूवालीने घाबरायचं नाही. असेल. पण तुम्ही पाण्यात नाही आहात गं, मार्चपासून पाण्यात कोणीच नाही. मग बोट बुडायची भीती कसली?

तू येईपर्यंत मी सात वाजता येत राहीन. त्याही येतायत, तुला माहीत नसेल. हाक नाही, काही नाही, तरी येतात आणि एकमेकींना जेवण विचारून जातात.

आत्या


२ ऑगस्ट

आत्या,

तू फोनवर होतीस, त्यामुळे अर्धं तुला ठाऊक आहे. तरी सगळं लिहिते, मला लिहून बघायचंय.

आधी समुपदेशक बाई. त्यांचा आवाज इतका शांत आहे की पहिल्यांदा मला वाटलं झोपल्यात. दर मंगळवारी बोलतो. त्यांना मी परिपत्रकाचं विचारलं, व्यायामाने मन खरंच प्रसन्न होतं का? म्हणाल्या, होतं थोडंफार, पण तो औषधाच्या जागी घ्यायचा नाही, औषधाच्या जोडीला घ्यायचा, आणि खुर्चीतून खिडकीपर्यंत गेलीस तरी मी तो व्यायामच धरीन. बाबांना सांगितलं. आधी म्हणाले, अगं, पण तू तर बोटीवरची. मग विचारलं, काय जेवलीस, आणि तेव्हापासून रोज तेच विचारतात. अर्ज अजून खणात आहे. फाडला नाही, पाठवलाही नाही.

आणि सात वाजता पोरींना सांगितलं. कागदावर लिहून घेतलं होतं, तरी तिसऱ्या वाक्याला अडखळले. मी मार्चपासून पलंगावरून हाका देतेय, मला उठवत नाही, तुम्ही राबता आणि मी पडून असते, मला माफ करा.

मग कपाट म्हणाली, "मशीन एप्रिलमध्येच मोडलं माझं. मी टेबलाचा खण ओढत होते."

तुला जी खरखर ऐकू यायची, ती. दोन-अडीच महिने ही पोरगी फोनशेजारी खण उघडत आणि लावत होती. मग काकू बोलली. तिचे वडील मेमध्ये आजारी पडले तेव्हापासून ती आमच्या हाकांवर भांडी घासायची. नवीने बादलीतली वाळू कधीच कुंड्यांत ओतली, ती माझ्यासारखीच पांघरुणात असायची. मी विचारलं, मग येत कशाला होतात? काकू म्हणाली, तू हाका थांबवशील म्हणून. वल्हवत नाही असं कळलं असतं तर तू कशाला आली असतीस सात वाजता? आणि तू नसतीस तर सकाळ कुठून सुरू करायची? म्हणजे आत्या, मी त्यांच्यासाठी ओरडत होते आणि त्या माझ्यासाठी खण ओढत होत्या. लांबडी तेवढी प्रामाणिकपणे मशीनवर होती, आणि ती जाम चिडली.

तेवढ्यात तुझा आवाज आला, "मीपण रोज वल्हवत होते बरं का." नवी किंचाळलीच. तू आपली ओळख तीन नंबर म्हणून करून दिलीस ते मी ऐकलं. त्यानंतर जे हसलो आम्ही, मार्चनंतर पहिल्यांदा माझ्या पोटात दुखलं. कपाट आता तुला आजी म्हणायचं की आत्या, यावर काकूशी वाद घालतेय.

आता कालची गोष्ट. ही तुला माहीत नाही, काल तुझ्या इकडची लाइन गेली होती. होस्टेलमागचं पळायचं मैदान उघडलंय, एका वेळी एकीने जायचं. पोरींनी ठरवून टाकलं की हाका त्या देणार आणि पळणार मी. मी म्हटलं, सुकाणूवाली पळत नाही. लांबडी म्हणाली, खाली उतर. तिचा राग अजून गेलेला नाही, त्यामुळे मी उतरले.

बूट घातले तर आत पाय नवखा. जिन्यात दोनदा थांबले. मैदानावर कोणी नव्हतं, गवत धावपट्ट्यांवर आलं होतं. फोन खिशात, वायर कानात. त्या चौघी एकदमच हाका द्यायला लागल्या, एकीचा मेळ एकीला नाही, भांडण चालू. मी निघाले. पळणं म्हणवत नाही त्याला, पण निघाले. पहिल्या वळणापर्यंत गेले, दुसऱ्या वळणाला पोटात कळ आली आणि अर्ध्या मैदानात गुडघ्यांवर हात ठेवून वाकून उभी राहिले. बोटीत आल्यापासून मी या पोरींच्या कानात ओरडतेय. मला दम लागलेला त्यांनी कधी ऐकलेला नाही. सुकाणूवालीला दम लागतच नाही, तिचं काम ते नाही. मला वाटलं हसतील. मी "थांबते" म्हणायला गेले, तर शब्दच फुटेना, नुसती धाप लागलेली, नाकातोंडातून, मोठ्याने, जनावरासारखी.

नवीने विचारलं, "काय झालं? पडली का?"

आणि कपाट म्हणाली, "गप्प बसा गं. ऐकू द्या."

मी वाकून उभी होते, श्वास आत जात होता आणि बाहेर येत होता, आणि चार घरांत त्या चौघी कानाला फोन लावून तो ऐकत होत्या.

तुझी,
लवंगी